मार्थाची ओळ

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. दिवाळी सरली की नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन येतो, "मास्तर, पेटीच्या आठवणी द्या." मी देतो. भात्यात उंदरानं पिल्लं घातली होती ते लिहून झालं. अर्पणाच्या वेळी दिवे गेले आणि मी अंधारात भलतंच गीत वाजवलं, तेही लिहून झालं. वाचणारे हसले, मीही हसलो, आणि जे लिहायचं ते पुढच्या वर्षावर गेलं.

यंदा गीतपुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. छपाईआधीचे कागद तपासायला माझ्याकडे आले. एक्केचाळिसाव्या गीताखाली, कंसात, बारीक टाइपात अजून तेच आहे : दा. मा. म्हणजे दाविद मास्तर. म्हणजे मी. ते खोटं आहे. मला पंच्याऐंशी पूर्ण झाली. पुढच्या आवृत्तीला मी असेन असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

चर्चमध्ये कधी न आलेल्या वाचकांना आधी आमचं काम सांगतो. उपासनेत प्रवचन पाळकांचं, प्रार्थना सगळ्या मंडळीची, म्हणजे त्या चर्चच्या सगळ्या माणसांची, आणि गीतं पेटीवाल्याच्या हवाली. सुरुवातीला स्तुतीचं, प्रवचनाआधी शांत करणारं, अर्पणाला जरा चालतं, प्रभुभोजनाला संथ, शेवटी निरोपाचं. लग्नाची, नामकरणाची, सुगीची, दफनाची गीतं वेगळी. सूर कुठला धरायचा हे पेटीवाल्यानं ठरवायचं. रविवारी मी काळी एक धरायचो. दफनाला दोन पट्ट्या खाली उतरायचो. रडलेल्या गळ्याला वरचा सा लागत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्याच दफनविधीत सगळी मंडळी अंतऱ्यावर गप्प झाली आणि मी एकटाच वाजवत राहिलो, तेव्हा कळलं.

गीतं आमच्याकडे दोन वाटांनी आली. पहिली वाट मिशनरी साहेबांची. त्यांनी आपल्या देशाच्या चाली आणल्या आणि त्यांत मराठी शब्द बसवले. चाल चांगली, शब्दही चांगले, पण दोघांची पत्रिका जुळलेली नसायची. शब्द अर्ध्यात असताना चाल थांबायची. माझी आजी असली गीतं नुसते ओठ हलवून गायची. दुसरी वाट आपल्या माणसांची. ख्रिस्ती झाले तरी त्यांच्या कानातला अभंग कुठे गेला नव्हता, जात्यावरची ओवी गेली नव्हती. त्यांनी त्याच मापात येशूचं नाव घातलं. चर्चमध्ये टाळ वाजू लागले. म्हणतात, साहेबांना आधी रुचलं नाही, पण मग आजीसारख्या बायका तोंड उघडून गाऊ लागल्या, तेव्हा तेही मांडीवर ठेका धरू लागले.

अभंगाबरोबर अभंगाची रीतही आली. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव, अमका म्हणे, तमकी म्हणे. पुढे छापील पुस्तकं निघाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती शेवटची कडवी गाळली गेली. सगळ्या मंडळीनं मिळून गायचं तर एकाच माणसाचं नाव कसं घ्यायचं, असा विचार. नाव गीताखाली कंसात जाऊ लागलं. नियम वाईट नव्हता. ही रीत आणि हा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा.

आमच्या पुस्तकात स्वरलिपी नसते. गीताच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या गीताची ओळ दिलेली असते. एकाच चालीवर पाच-पाच गीतं. त्यातून गमती होतात. नांदेडला एका लग्नात वरबापानं हट्ट धरला, अमुकच चाल हवी, फार गोड आहे. मी म्हटलं, "साहेब, आपल्या भागात त्या चालीवर माणूस मातीला देतात." ते म्हणाले, "आमच्याकडे देत नाहीत. वाजवा." वाजवली. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावून हुंदके देऊ लागल्या. नवरीची आई पेटीजवळ येऊन हळूच म्हणाली, "मास्तर, कुणाला पुरून राहिलेत तुम्ही?"

अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. आज त्यांच्या आड लपायचं नाही असं ठरवून बसलोय.

बहात्तरच्या दुष्काळात मी नांदेडला मिशनच्या बोर्डिंगात गायनमास्तर होतो. विहिरीनं तळ दाखवला तशी पोरं घरी पाठवली आणि आम्हा शिक्षकांना दुष्काळी कामांवर मदतीला धाडलं. मला जळकोटच्या बाजूला रस्त्याचं काम चाललं होतं तिथे सुकडी वाटायला नेमलं. त्या वेळी जळकोट उदगीर तालुक्यात आणि जिल्हा उस्मानाबाद. सुकडी म्हणजे लहान पोरांसाठी सरकारनं दिलेला गोडसर भरडा. सकाळी डबा उघडला की वाट्यांची रांग लागायची.

रांगेत शेवटी एक चारेक वर्षांची मुलगी असायची. हातात जर्मनची चेपलेली वाटी. तिला पुढे ढकललं तरी ती मागे जायची, कारण डबा खरवडायच्या वेळी मी तिला दोनदा वाढतो हे तिला कळलं होतं. नाव मार्था. तिची आई सारूबाई. मूळचं नाव सारा, पण गावात सारूबाई. नवरा हैदराबादला कामाला गेला होता आणि त्याची खबर नव्हती. ती दिवसभर खडी फोडायची आणि फोडता फोडता गायची. गीत तिनंच जुळवलेलं :

फोडीते मी खडी, हाताला गं फोड,
येशूनाव गोड, तोंडामंदी गं.

आटली ती नदी, आड झाला कोरा,
येशू माझा झिरा, आटंना गं.

आमच्याकडे नदी आटली की वाळूत खड्डा करतात, वाटीवाटीनं पाणी साचतं, तो झिरा. त्या वर्षी सगळी गावं झिऱ्यावर जगत होती. आजवर मी येशूला मेंढपाळ म्हटलेलं गायलं होतं, राजा म्हटलेलं गायलं होतं. झिरा म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं आणि सुकडीचा डाव हातातच राहिला.

शेवटच्या 'गं'वर तिची हातोडी पडायची. मार्था गोणपाटाच्या सावलीत बसून तेवढ्याच वेळी आपला छोटा दगड दुसऱ्या दगडावर आपटायची आणि ओरडायची, "गं!" बाकी गाणं तिला येत नव्हतं. तेवढं एक अक्षर तिचं.

शेजारच्या ढिगावर गंगूबाई असायची. तिचं घर बौद्धांचं. दोघींची जिवाभावाची मैत्री आणि दिवसभर तोंडाची लढाई.

"सारे, तुज्या येशूला म्हनावं एक टँकर धाड की. किती दिस वाटीनं पाजतोय?"

"धाडंल. तुज्या ढिगाकडं बघून लाजून राहिलाय. एवढ्या येळात एवढीच खडी?"

"माजी खडी मोजून बारीक हाय. तुजी बघ, म्हशीच्या डोक्यायेवढी. मुकादम म्हनंल, रस्ता करायचा का गढी बांदायची?"

गाणं सुरू झालं की गंगूबाईही त्यात असायची. येशूचं नाव आलं की ती गप्प बसायची आणि 'गं'ला परत सामील व्हायची. सारूबाई म्हणायची, "बगा मास्तर, लबाड. गोड गोड सोडती अन् शेपूट धरती."

उन्हाळ्याच्या अखेरीस हगवण-ओकारीची साथ आली. मार्था दोन दिवसांत गेली. उदगीरच्या दवाखान्यापर्यंत न्यायला बैलगाडी मिळाली तेव्हा न्यायची गरज उरली नव्हती. ओढ्याच्या काठी तिला पुरलं. जवळपास पाळक नव्हते, प्रार्थना मीच केली. पेटी नव्हती. सूर कुठे धरू ते मला सुचेना, तेव्हा गंगूबाईनं सारूबाईचा हात धरून हळू गुणगुणायला सुरुवात केली.

पुढच्या रविवारी खडीच्या ढिगावर आमची उपासना झाली. सारूबाई उभी राहिली. पहिली दोन कडवी गायली आणि थांबली नाही :

मार्था म्हणे आई, तान न्हाई आता,
झिऱ्याकाठी माथा, टेकिला गं.

तान म्हणजे तहान. आणि जिथे रचणाऱ्याचं नाव यायचं तिथे तिनं लेकीचं घातलं होतं.

मी वही काढून गीत उतरवून घेतलं. ती समोर बसून पेन्सिलीकडे बघत राहिली.

"काय करनार याचं, मास्तर?"

म्हटलं, "कधी गीतपुस्तक निघालं तर देईन. सगळ्या मंडळ्या गातील."

"मग एक ऐका. तुमी शिकलेली मानसं, तुमाला शबुद आमच्यावानी चालायचे न्हाईत. काय बी बदला, माजं काई म्हननं न्हाई. पन ती मागली वळ सोडू नगा. लेकराला दगड लावता आला न्हाई मला. हितला समदा दगड सरकारचा. ती वळ तेवढी ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "राहील, सारूबाई."

एवढंच ठरलं होतं.

नऊ-दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. त्या वर्षीची हवा ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल. दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगल्या, लोक एकमेकांना लग्नपत्रिका देतानाही 'जि. लातूर' मोठ्यानं वाचून दाखवत. आमच्या मंडळ्यांचीही फेरवाटणी झाली. नव्या जिल्ह्याचं आपलं गीतपुस्तक हवं अशी टूम निघाली आणि तीन जणांची समिती नेमली. अध्यक्ष पाळकसाहेब, दुसरे एक निवृत्त हेडमास्तर, आणि गीतं जमवणारा मी. तोवर माझी बदली लातूरला झाली होती.

सारूबाईचं गीत मी स्वच्छ अक्षरात लिहून नेलं. नेण्याआधी दुरुस्तही केलं. 'झिरा'च्या जागी 'निर्झर' घातला. 'गं'च्या जागी 'प्रभो'. हातोडीच्या ठेक्यावरची चाल काढून भूप रागात बांधली, कारण मला भूप चांगला येत होता. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं मुभा दिलीच होती, असं मनाला समजावलं. शेवटचं कडवं मात्र मी तसंच ठेवलं होतं, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच.

मी पेटीवर गाऊन दाखवलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला. "दाविद, ही रचना तुमचीच ना?"

मी म्हणालो, "एका बाईकडून ऐकली होती. मी जरा हात फिरवला."

"हात फिरवला म्हणजे तुमचीच! विनय पुरे."

मी हसलो. तिथे नाही म्हणायला हवं होतं. हसण्यात किती वेळ जातो? तेवढ्यात पाळकसाहेबांनी खाली 'दा. मा.' लिहिलं सुद्धा.

मग त्यांचं बोट शेवटच्या कडव्यावर आलं. "नामओळी आपण सगळ्याच गाळतोय. शिवाय ही मार्था कोण? मंडळी विचारील."

माझ्यासमोर चेपलेली वाटी आली. खोटं सांगत नाही, वाटी दिसली. पण मार्था कोण हे सांगायचं तर सारूबाई कोण हे सांगावं लागणार होतं, आणि मग खालची दोन अक्षरं खोडावी लागणार होती. ती लिहून पुरती वाळलीही नव्हती.

मी म्हणालो, "असेल कुणीतरी."

पाळकसाहेबांनी कडव्यावर रेघ मारली. त्यांचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं.

प्रकाशनाच्या दिवशी लातूरचं चर्च भरलं होतं. जळकोटकडच्या मंडळीबरोबर मी आधीच सारूबाईला निरोप धाडला होता, तुझं गीत छापलंय, ये. निरोप धाडताना काय विचार केला होता, आठवत नाही. कदाचित तिला कळणार नाही असं वाटलं असेल. ती एस.टी.नं आली, गंगूबाईला सोबत घेऊन. दोघी मधल्या बाकावर बसल्या. सारूबाईनं पुस्तक हातात घेतलं, वाचता येत नव्हतं, नुसतं उघडून धरलं.

एक्केचाळीस नंबर जाहीर झाला. मंडळी उभी राहिली. भूप छान लागला. ती शब्द ओळखायचा प्रयत्न करत होती, खडीपाशी ओठ हलले, निर्झरापाशी थांबले. दुसरं कडवं संपलं, मी शेवटचा सूर धरून सोडला. दोनशे माणसं खाली बसली. बाकांचा आवाज झाला.

सारूबाई उभीच.

पुस्तक तसंच उघडं धरून ती पेटीकडे बघत होती. तिला वाटलं, गीत अजून बाकी आहे. मास्तर श्वास घेतोय. भात्यावरचा माझा हात हलला असता तर अजूनही जमलं असतं. मी पुस्तकाचं पान उलटलं. गंगूबाईनं तिचा पदर ओढला, तेव्हा ती बसली.

बाहेर चहाच्या वेळी मीच तिच्याकडे गेलो. गंगूबाई तोंड फिरवून उभी होती. सारूबाई रागावली नाही. म्हणाली, "चांगलं म्हनलं समद्यांनी. गानं मोठ्या घरी दिलं म्हंजे तितलं वळन लागनारच." मग बशीतला चहा फुंकता फुंकता, माझ्याकडे न बघता, "लहान व्हती वो ती, मास्तर. तिला कितीशी जागा लागली असती?"

मी म्हणालो, "समितीचा नियम होता."

ते गीत पुढे चाललं. लातूर, उदगीर, अहमदपूर, तिकडे कंधार-नांदेडपर्यंत 'मास्तरांचं गीत' म्हणून गायलं जाऊ लागलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात शाल घालून तेच गायलं. आजारी माणसाच्या उशाशी ते म्हणतात. त्यानं कोणाला धीर मिळत असेल तर तो सारूबाईचा आहे, निर्झर असला तरी.

मी जळकोटला तिच्याकडे गेलो, एकदा नव्हे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या अंगणात भाचीच्या लग्नाची बोलणी करायला आलेली माणसं होती. नंतर एकदा जळकोट तालुका झाल्यावर गेलो. घर पत्र्याचं झालं होतं, तिनं पोहे केले, मी दाढदुखीबद्दल बोलत बसलो. वाक्य एस.टी.त पाठ करून जायचो. अहमदपूरपर्यंत ते चांगलं वाटायचं. तिच्या ओट्यावर बसलो की तोंडून यायचं, "यंदा तूर कशी आहे?" ती सांगायची. मी उठलो की म्हणायची, "बसा की अजून, काई सांगायचं राहिलं असंल तर." मी म्हणायचो, "नाही, गाडीची वेळ झाली."

तीन वर्षांपूर्वी तिच्या दफनाला गेलो. पेटी माझ्यासमोर ठेवली, मला मान म्हणून. मी दोन पट्ट्या खाली उतरलो. पाळक तरुण होते, त्यांनी एक्केचाळीसच सांगितलं. मी भूप वाजवला नाही. हातोडीची चाल धरली. लोक गोंधळले, मग मागून येऊ लागले. मी झिरा म्हटलं, गं म्हटलं. दुसरं कडवं संपल्यावर थांबलो नाही. तिसरं घ्यायला तोंड उघडलं, आणि मला सूर लागेना. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रडक्या गळ्यांसाठी पट्टी उतरवली, स्वतःसाठी किती उतरवायची ते कळलं नाही. पेटी वाजत राहिली, शब्द नाहीत.

तेव्हा मागून, काठी टेकत उभ्या असलेल्या गंगूबाईनं ते म्हटलं. चिरकलेल्या आवाजात, अक्षर न अक्षर. मार्था म्हणे आई. 'गं'ला तिनं काठी जमिनीवर आपटली.

माती देऊन परतताना ती माझ्याजवळ आली. "मास्तर, तुमी येऊन येऊन च्या पिऊन जायचात. सारू म्हनायची, मास्तरच्या पोटात काईतरी हाय. म्या म्हनलं, इच्यार की मग. तर म्हनली, न्हाई, त्येंचं त्येंनी काढू दे, माजं काय, म्या बसलेच हाय हितं." मग म्हणाली, "काय व्हतं वो?"

तिलाही सांगू शकलो नाही. म्हटलं, "काही नाही."

नव्या आवृत्तीच्या कागदांवर मी लिहून पाठवलं आहे : गीत एक्केचाळीस. रचना सारूबाई, जळकोट. चाल खडी फोडण्याची; गंगूबाई हयात आहेत, त्यांच्याकडून ऐकून घ्यावी. झिरा परत घालावा. तिसरं कडवं छापावं, नियम असला तरी. दा. मा. खोडावं. गीतपुस्तकाच्या संपादकांनी कळवलं, "करतो, पण कारण द्या." हे सगळं त्याचं कारण.

आणि एस.टी.त पाठ केलेलं ते वाक्य असं होतं. फार मोठं नव्हतं. चहा गार व्हायच्या आत म्हणून झालं असतं.

सारूबाई, त्यांनी मला विचारलं होतं, मार्था कोण. मला ठाऊक होतं. मी तिला माझ्या हातानं वाढलं होतं, मातीही मीच दिली होती. मी म्हणालो, असेल कुणीतरी. मला क्षमा करा.